सहा नंबरचं संयुग

ऐवळे सरांनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा भरीत वाढलं आणि म्हणाले, "घ्या मॅडम. कृष्णाकाठचं वांगं आहे. मुंबईत असलं मिळायचं नाही."

"सर, पुरे आता. उद्या मला तुमच्या विद्यार्थिनीला प्रश्न विचारायचेत. खुर्चीतच डुलकी लागली तर ती सुटेल आणि मी फसेन."

यावर यजमानानं निदान हसावं, एवढी माफक अपेक्षा असते. ऐवळे सर हसले नाहीत. त्यांनी भरिताचं भांडं खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला आणि म्हणाले, "विचारा की. काय विचारायचं ते विचारा."

"मॅडम, यांचं आज काही खरं नाही," ऐवळे वहिनी मध्ये पडल्या. "संध्याकाळी कॉलेजातून आले तसे गप्पच आहेत. एरवी यांना गप्प बसवायला मला भांडावं लागतं."

मला मनातून गंमत वाटली. पीएच.डी.च्या शेवटच्या तोंडी परीक्षेचा धसका विद्यार्थ्यापेक्षा गाईडच जास्त घेतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यातून परीक्षक मी. मुंबईत माझे विद्यार्थी मला पाठीमागे 'लिटमस' म्हणत, कारण माझ्यासमोर आलेल्याचा खरा रंग उघडा पडतो. हे मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. मी कुणाला विनाकारण नापास केलं नाही. पण प्रबंधातली फट शोधायची, ती लेखी अहवालात न सांगता राखून ठेवायची आणि भर सभेत बोट ठेवायचं, यात मला फार गोडी वाटे.

या प्रबंधातही मला एक फट दिसली होती.

सांगलीकडच्या त्या कॉलेजात माझी ती पहिलीच खेप. विद्यार्थिनीचं नाव त्रिशला मगदूम. तिचा विषय धातूंपासून बनवलेली कॅन्सरची औषधं. प्लॅटिनमचं औषध कॅन्सरवर कित्येक वर्षांपासून दिलं जातं. ते गुण देतं. पण उलट्या, मूत्रपिंड, कान असे बरेच हाल करून देतं. म्हणून प्लॅटिनमच्या जागी दुसरा कुठला धातू कमी छळ करून तेच काम करील का, याचा शोध जगभर चालू असतो. त्रिशलानं रुथेनियम घेतला होता. धातूच्या अणूवर बेंझिनसारखं एक कडं टोपीसारखं बसवायचं, खाली दुसरे रेणू पायांसारखे जोडायचे, आणि पाय बदलून बदलून बघायचं की कोणतं संयुग कॅन्सरच्या पेशींना भारी पडतं. अशी तिनं नऊ संयुगं केली होती. त्यातली आठ अगदीच गरीब निघाली. सहा नंबरचं मात्र असं जहाल, की प्लॅटिनमच्या औषधालाही मागे टाकत होतं.

त्या सहा नंबरवर सगळा डोलारा उभा होता. त्यावर ऐवळे सरांचा शोधनिबंध छापून आला होता, उंदरांवरच्या प्रयोगाची मंजुरी मिळाली होती, स्थानिक पेपरात फोटो झळकला होता. आणि माझी फट तीच होती. सहा नंबर कॅन्सरच्या पेशी मारत होतं, तसंच निरोगी पेशीही मारत होतं, सरसकट. पाय थोडासा बदलला म्हणून एवढा फरक कसा पडतो, याचं उत्तर प्रबंधात नव्हतं. काहीतरी भेसळ असावी असा मला वास येत होता. कसली, ते मलाही कळलं नव्हतं. उद्या मुलीलाच विचारू, असं ठरवून मी आले होते.

हात धुताना सरांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, समजा परीक्षेत काही वेगळंच निघालं, तर त्या पोरीचं काय होतं?"

"वेगळं म्हणजे?"

"न्हाई, असंच. पुढच्या आठवड्यात आमच्याकडंच लेक्चररची मुलाखत आहे तिची. तोवर डिग्री हातात पाहिजे. न्हाई तर जागा गेली. परत कधी निघंल सांगता येत नाही."

"सर, शिफारस तुम्ही आत्तापासूनच करायला लागलात की," मी म्हटलं. सर ओशाळले आणि मला टॉवेल देऊन आत गेले. मनात म्हटलं, भरिताचा खरा अर्थ हा.

सकाळी कॉलेजची गाडी मला घ्यायला आली. वाटेत एका चौकात फ्लेक्स लागला होता. वर पुढाऱ्यांचे चेहरे, खाली त्यांच्या कार्यकर्त्यांचे, आणि मधोमध एका सावळ्या, चष्मा लावलेल्या मुलीचा पासपोर्ट साइज फोटो ताणून मोठा केलेला. 'कॅन्सरवर रामबाण औषध शोधणाऱ्या आमच्या भगिनी कु. त्रिशला आण्णासाहेब मगदूम यांचे हार्दिक अभिनंदन.' मी ड्रायव्हरला म्हटलं, "परीक्षा अजून व्हायचीय की!"

"ते काय ओ मॅडम, नावापुरतं," तो म्हणाला. "गावानं कवाच पास केलंय."

मला हे असलं फार झोंबतं. गाडीतून उतरले ती धार लावूनच.

हॉल भरलेला होता. आमच्याकडे ही परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं. पुढे विभागप्रमुख डॉ. बिराजदार अध्यक्ष म्हणून, त्यांच्या शेजारी मी, बाजूच्या खुर्चीवर ऐवळे सर. मागे विद्यार्थी, प्राध्यापक, आणि सगळ्यांत शेवटच्या रांगेत मुलीचे आईवडील. वडील पांढऱ्या टोपीत, आई नव्या इरकलीत. आईच्या मांडीवर पेढ्यांचा भला मोठा खोका. फ्लेक्सवरची मुलगी स्क्रीनजवळ उभी होती. फोटोत होती त्याहून बरीच लहानखुरी. तिच्याजवळच्या टेबलावर एक ट्रे होता, वर नॅपकिन झाकलेला.

"हे काय, मगदूम?" बिराजदारांनी विचारलं. "नाश्ता नंतर आहे."

लोक हसले. ती म्हणाली, "सर, थोडं दाखवायचंय. शेवटी."

तिनं सुरुवात केली. आवाज बारीक, पण ठाम. पहिली पाच संयुगं भराभर सांगितली. कुठं उगाच मिरवणं नाही, की फसलेलं झाकणं नाही. मी वहीत काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखी चूक सापडेना. मग पडद्यावर सहा नंबरचा आलेख आला. सरळ कड्यावरून कोसळावी तशी रेघ खाली आलेली. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

"हा आलेख," ती म्हणाली आणि थांबली. पाण्याचा घोट घेतला. "हा आलेख खोटा नाही. यातल्या पेशी खरंच मेल्यात. पण त्याच्यावर जे नाव लिहिलंय, ते चुकलंय. त्या आमच्या रुथेनियमनं मेलेल्या नाहीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बिराजदार पुढं झुकले. "म्हणजे?"

"सर, दाखवते." तिनं नॅपकिन काढला. खाली स्टँडमध्ये दोन टेस्ट ट्यूब होत्या, दोन्हींत फिक्कं पिवळं पाणी, आणि शेजारी एक ड्रॉपर.

"मगदूम, प्रबंधात नाही ते इथं नको," बिराजदारांचा आवाज चढला. "ही तोंडी परीक्षा आहे, बीएस्सीचं प्रॅक्टिकल नव्हं."

"चालू दे," मी म्हटलं.

"मॅडम, पण नियम..."

"परीक्षक मी आहे ना? मला बघायचंय."

ऐवळे सर खाली फरशीकडे बघत बसले होते. हात गुडघ्यांवर, दोन्ही मुठी वळलेल्या.

त्रिशला सांगू लागली. नवांपैकी फक्त सहा नंबर करताना धातूला चिकटलेलं क्लोरीन आधी उचकटून काढावं लागतं. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट घालतात. चांदी क्लोरीनला धरते आणि दोघं मिळून पांढरा साका होऊन तळाशी बसतात. तो गाळून टाकला की काम झालं. "ही सगळ्यांची पद्धत आहे. आम्हीपण तीच वापरली. उंदरांवरच्या कामासाठी जास्त माल लागणार होता, आणि सिल्व्हर नायट्रेटची बाटली संपलेली. म्हणून मी चांदी न वापरता, दुसऱ्या वाटेनं नवं सहा नंबर केलं. मिरजेच्या लॅबमध्ये पेशींवर घालून बघितलं. काहीच झालं नाही. पेशी मजेत वाढत होत्या."

"मग नवा माल खराब असेल," बिराजदार म्हणाले.

"मलापण तसंच वाटलं, सर. परत केला. परत तेच. मग शंका आली की खराब नवा नाही, जुना आहे." तिनं ड्रॉपर उचलला. "हे साधं मिठाचं पाणी. ही डावीकडची ट्यूब नव्या मालाची."

थेंब पडले. पिवळं पाणी पिवळंच राहिलं.

"आणि ही जुन्याची. जो प्रबंधात आहे."

पहिल्याच थेंबाबरोबर पाण्यात पांढरा धूर उतरला. दुसऱ्या-तिसऱ्याला सगळी ट्यूब ताकासारखी झाली. तिनं ती उंच धरली. शेवटची रांग सोडली, तर त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकानं ही चाचणी अकरावी-बारावीत केलेली होती. मिठाच्या पाण्यानं पांढरं होतं, ते काय असतं हे सांगायची कुणाला गरज नव्हती. सगळा हॉल गप्प झाला.

गप्प झाला नाही तो एकच आवाज, शेवटच्या रांगेतला. "आवं, ह्ये चांगलं झालं का वंगाळ?" आईनं नवऱ्याला विचारलं. ती कुजबुजली असं तिला वाटत होतं.

"गप ऱ्हा की जरा," वडील म्हणाले.

"जास्त झालेली चांदी गाळल्यावरही पाण्यात तशीच राहिली होती," त्रिशला म्हणाली. "थोडीच. आमच्या मोठ्या मशीनवर ती दिसत नाही, कारण त्या मशीनला चांदी दिसतच नाही. पण पेशींना दिसली. मी नुसतं सिल्व्हर नायट्रेट पेशींवर घालून बघितलं. आलेख असाच आला. अगदी असाच. सहा नंबरमध्ये औषध म्हणून काही नाही. बाकीच्या आठांसारखंच तेही गरीब आहे."

मला काय वाटलं ते सांगते. मुंबईहून मोठ्या हौसेनं राखून आणलेला माझा प्रश्न तिनं माझ्या आधी विचारला होता, उत्तरही दिलं होतं, आणि ते उत्तर मला स्वतःला सापडलेलं नव्हतं. क्षणभर मला तिचा रागच आला. पण सवय जात नाही. मी खुर्चीत सरसावून बसले.

"पांढरं झालं म्हणजे चांदीच, हे कशावरून?" मी विचारलं. "मिठाच्या पाण्यानं शिसंही पांढरं होतं. कन्फर्मेटरी टेस्ट केलीस का?"

आता रसायनशास्त्र न शिकलेल्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ते हेच. पहिल्या चाचणीनं नुसता संशय येतो. नक्की करणारी दुसरी चाचणी केल्याशिवाय नाव लिहायचं नाही. लिहिलंस तर मार्क शून्य. चांदीसाठी ती चाचणी अमोनियाची. पांढरा साका अमोनियात विरघळून पाणी पुन्हा नितळ झालं, तर चांदी. शिशाचा साका तसाच राहतो.

तिचा चेहरा उतरला. तिनं ट्रेकडे बघितलं. "लॅबमध्ये केली होती, मॅडम. इथं... अमोनिया आणायचा राहिला. सकाळी घाई झाली."

"मग मी कशावर विश्वास ठेवू?"

ती तशीच ट्यूब धरून उभी राहिली.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ऐवळे सर उठले होते. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. मधल्या वाटेनं ताडताड चालत ते हॉलबाहेर निघून गेले. दार मागे आपटलं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बिराजदार माझ्या कानाशी आले. "बघा, गाईडला सांगितलं पण नव्हतं वाटतं. मॅडम, आता हे प्रकरण हाताबाहेर गेलं. प्रबंध परत पाठवावा लागंल. नव्यानं लिहायचा, नव्यानं तपासणी. वर्ष जातंय. जागा तर गेलीच."

त्रिशलानं ते ऐकलं असावं, कारण तिनं ट्यूब स्टँडमध्ये ठेवली आणि दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. दाराकडे मात्र बघत होती. सर निघून गेले, हे तिला प्रबंधापेक्षा जास्त लागलं होतं, हे मला मुंबईच्या परक्या बाईलाही दिसत होतं. मलाही वाईट वाटलं. आदल्या दिवशीचं ते भरीत, ती शिफारस. म्हटलं, हा माणूस शेवटी तसलाच निघाला. पोरगी उघड्यावर पडली आणि हा आपली अब्रू घेऊन पळाला.

दार पुन्हा उघडलं. आधी वास आला. अमोनियाचा वास लपत नाही. पुढच्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. मागून ऐवळे सर आले. हातात तपकिरी बाटली, शर्टाच्या खिशात नवा ड्रॉपर, आणि दोन जिने धावत चढल्यामुळं भात्यासारखा श्वास.

ते सरळ टेबलापाशी गेले. बाटली तिच्या हातात दिली.

"अर्धवट टेस्ट सोडायची नाही, हे बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासनं सांगतोय तुला," ते म्हणाले. "घाल."

तिनं सरांकडे बघितलं. "सर..."

"घाल म्हणतोय न्हवं. मॅडम बघतायत."

तिनं अमोनियाचे थेंब घातले आणि ट्यूब हलवली. ताकासारखं झालेलं पाणी डोळ्यांदेखत निवळत गेलं. पिवळं, नितळ, पलीकडची खिडकी आरपार दिसेल असं. सरांनी ती ट्यूब तिच्या हातातून घेतली, माझ्या टेबलापाशी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"चांदी," ते म्हणाले. "समाधान झालं, मॅडम?"

"झालं."

"मग आता माझं ऐका." ते वळून सगळ्या हॉलकडे तोंड करून उभे राहिले. "बिराजदार सर, तुम्हाला वाटलं असंल हिनं मला अंधारात ठेवलं. तसं नाही. काल दुपारी ही माझ्याकडं आली होती. हेच सगळं मला करून दाखवलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, उद्याचा दिवस जाऊ दे. डिग्री हातात पडू दे, मुलाखत होऊ दे, मग सावकाश बघू. दुरुस्ती छापू कुठंतरी खाली, बारीक अक्षरात." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "काल रात्री मॅडमना वांग्याचं भरीत वाढताना मला घास उतरत नव्हता. तरी सकाळी इथं येऊन बसलो, म्हटलं ही पोरगी ऐकंल माझं. आजवर कधी मोडलं नव्हतं तिनं. नऊही संयुगांचा गाईड मी आहे. तो माल मी बघून पास केलाय. मिठाचं पाणी मलाही घालता आलं असतं. सहा नंबरचा निबंध मी मागं घेतोय, उंदरांचं काम थांबवतोय. हिच्या नावावर यातलं काही लावू नका."

एवढं बोलून ते तिथंच उभे राहिले. खुर्चीकडे गेले नाहीत. ती आणि ते, दोघं शेजारी, शाळेत शिक्षा झालेली पोरं उभी राहतात तशी. अठ्ठावन्न-साठीचा तो माणूस, ज्याच्या आयुष्यातलं नाव घेण्याजोगं एकच काम होतं, ते त्यानं आत्ता स्वतःच्या हातानं निवळून दाखवलं होतं. मी मोठमोठ्या संस्थांत मोठमोठे लोक पाहिलेत. परदेशातलेही पाहिलेत. चूक सापडल्यावर त्यांनी काय काय केलं तेही पाहिलंय. अमोनियाची बाटली आणायला जिना धावत चढलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी वही उघडून उगाच तिच्यात बघत राहिले, कारण लिटमसनं डोळे पुसायचे नसतात.

"त्रिशला," मी म्हटलं. "शेवटचा प्रश्न."

"हो, मॅडम."

"तुझे सर काल चुकीचं बोलले असतील, पण वेड्यासारखं बोलले नव्हते. आठवडाभर थांबली असतीस, तर डिग्रीही मिळाली असती, जागाही. दुरुस्ती नंतर छापता आली असती. आजच का?"

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"मॅडम, आसाममधल्या सिल्चरहून एका मुलीचा फोन आला होता. मौसुमी तिचं नाव. मी तिला ओळखत नाही. आमचा निबंध वाचून तिनं नंबर शोधला. सहा नंबरवरच ती पीएच.डी. सुरू करतीय. मला हिंदीत विचारत होती, दीदी, इतकं शुद्ध तुम्ही कसं काढलंत? माझं निघत नाही, पेशी मरतच नाहीत." त्रिशला क्षणभर हसली, पण ते हसू टिकलं नाही. "म्हणजे बघा मॅडम, तिचं शुद्ध निघत होतं. म्हणूनच तिच्या पेशी मरत नव्हत्या. आणि ती माझ्यासारखं जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावत होती. या आठवड्यात तिचा विषय नोंदला जाणार होता. तिच्याकडं एकदा विषय नोंदला की बदलू देत नाहीत. माझी पाच वर्षं तर गेलीच होती. तिची कशाला घालवायची?"

"मग तिला सांगितलंस?"

"आज सकाळी. इथं यायच्या आधी." तिनं चष्मा लावला. "त्याच घाईत अमोनिया राहिला. ती रडायला लागली. मग म्हणाली, दीदी, आज तर तुमची परीक्षा आहे ना? मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. आता तिला सिल्चरला ठाऊक आहे, आणि समोर बसून विचारणाऱ्या तुम्हाला ठाऊक नाही, असं ठेवून इथं कशी उभी राहणार होते मी? सरांचं मन मोडलं, त्याचं वाईट वाटतंय. दुसरं काही नाही."

ऐवळे सरांनी मान दुसरीकडे वळवली.

बिराजदारांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमांचा होता. "मॅडम, सगळं खरं. मलापण भरून आलंय. पण अहवालात काय लिहायचं? ज्या कामावर डिग्री मागितली, तेच काम चुकलं म्हणते उमेदवार. आजवर असं झालेलं नाही. प्रबंध परत पाठवायचा का?"

"किती संयुगं आहेत प्रबंधात?"

"नऊ."

"त्यातल्या आठांबद्दल काही तक्रार?"

"नाही. पण ती कामाची नाहीत, मॅडम. कशालाच लागू पडत नाहीत ती."

"ती लागू पडत नाहीत, हे तिनं बरोबर सांगितलंय ना? मग ती बरोबर आहेत. आणि उरलेलं सहा नंबर कसं चुकलं, ते का चुकलं, आणि जगात आणखी कुणाकुणाचं तसंच चुकत असेल, हे तिनं तुमच्यासमोर दाखवलं. मला विचाराल तर प्रबंधातलं सगळ्यांत मोलाचं काम तेच आहे, फक्त ते छापायचं राहिलं. लायब्ररीत जाणाऱ्या प्रतीत सहा नंबरची पानं बदलून घ्या. दुरुस्तीला नियम मुभा देतो. आणि अहवालात लिहा, की उमेदवारानं आपला सर्वांत मोठा निष्कर्ष परीक्षकासमोर प्रयोगानं स्वतः रद्द केला, आणि परीक्षकाचं पूर्ण समाधान झालं."

बिराजदार पेन उघडून बसले, पण लिहीनात. "म्हणजे... नेमकं काय म्हणायचं, मॅडम?"

"तेच इचारते मी मघाधरनं," शेवटच्या रांगेतून आई उभी राहिली. खोका छातीशी धरलेला. नवऱ्यानं तिचा पदर ओढला, तिनं तो झटकला. "बाई, तुमचं ते पांढरं न् पिवळं मला कळत न्हाई. पोरगी सकाळपास्नं उपाशी उभी हाय. पास हाय का न्हाई, तेवढं एक सांगा."

कुणी हसलं नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. त्रिशला बघत नव्हती. तिचे डोळे जमिनीवर होते, आणि मला कळलं की ती 'नाही' ऐकायची तयारी करून उभी आहे. कालपासूनच करून आलीय.

मी टेबलापलीकडची रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्याकडे सरकवली.

"बसा, डॉक्टर," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. ती तशीच उभी राहिली, मी कुणाला म्हणतेय ते बघायला तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं. कळलं ते ऐवळे सरांना. त्या खुर्चीवर तेच मटकन बसले, अमोनियाची बाटली मांडीवर घेऊन, आणि भर सभेत लहान मुलासारखे रडले.